फळा कुणी नेला

नेब्रास्काच्या माळावर वसलेल्या त्या नव्या गावात औषधालाही झाड नव्हतं. घरं, शाळा, सगळं मातीच्या ढेपांचं. सकाळी लव्हिनियाबाई वर्गात आल्या, तर भिंतीवरचा लाकडी फळा गायब. "कुणी नेला?" "अन्सेलनं, बाई," ऑर्व्हिल म्हणाला. "काल त्याला भागाकार जमला नव्हता. आज आलाय का बघा." "चुलीत घातला असेल," मागून आवाज आला. अख्खा वर्ग खिदळला. बाईंनाही ते पटलं. "येऊ दे त्याला. सगळ्यांसमोर छड्या देते." तेवढ्यात सुतार योर्गेन दारात आला. काखेत एकच काळी फळी. "फळा मी नेला, बाई. अन्सेल रात्री घशाच्या आजारानं गेला. त्याच्या शवपेटीला दुसरं लाकूड नव्हतं. लहानखुरा होता, म्हणून तुमच्यासाठी एवढी वाचली." बाईंनी फळी घेतली आणि भिंतीला लावली. मग कितीतरी वेळ त्यांना वर्गाकडे वळून पाहता आलं नाही.