दंडातला उंदीर

"हं, आणखी थोडा वर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

रंगारीकाकांचा उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडून बसला. शिडीवरून पडल्याला बरेच महिने झाले होते. हाड जुळलं, दुखणं गेलं, एक्स-रेही स्वच्छ आला. पण हात काही वर जाईना. जन्मभर लोकांची छतं रंगवली, आणि आता लेकीच्या नव्या घराचं छत परक्या माणसाकडून रंगवून घ्यायची पाळी आली होती. काका आतून पार खचले होते.

"जेवताना बरा तोंडापर्यंत जातो!" खुर्चीतून काकू म्हणाल्या.

"काकू, हात बरा आहे. मन घाबरलंय." डॉक्टरबाईंनी बिस्किट मोडलं, अर्धं खाल्लं, अर्धं खिशात टाकलं. "काका, स्नायूला इंग्रजीत मसल का म्हणतात, ठाऊक आहे? मूळ शब्द लॅटिन. अर्थ, छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं ना, म्हणून."

"आपण तर बेडकी म्हणतो," काका म्हणाले. "दंडातली बेडकी."

"त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकी. तुमचा उंदीर मात्र बिळात दडून बसलाय."

"मग मांजर सोडा की बिळात!" काकू म्हणाल्या. काकासुद्धा हसले.

डॉक्टरबाई तेल आणायला पडद्यामागे गेल्या आणि किंचाळतच बाहेर आल्या. "उंदीर! काका, उंदीर!" त्या थेट स्टुलावर चढल्या. काकूंनी पाय खुर्चीवर घेतले.

पडद्याच्या दांडीवर एक गुबगुबीत उंदीर मिशा हलवत बसला होता. दोन बायकांच्या आरडाओरड्यात काकांना दुसरं काही सुचलंच नाही. दोन ढांगांत ते पडद्यापाशी पोचले आणि त्यांनी उंदराला वरच्या वर उचललं. बिचारा चावलासुद्धा नाही, मुठीत मुकाट बसून राहिला.

"अहो!" काकू ओरडल्या. "हात बघा तुमचा!"

उजवा हात डोक्याच्याही वर होता. काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मारू नका हं त्याला, यात टाका. मी देते सोडून," म्हणत डॉक्टरबाईंनी स्टुलावरूनच झाकणाला भोकं असलेला डबा पुढे केला.

"छत मीच रंगवणार!" जिना उतरताना काका चारचारदा हात वर करून दाखवत होते. खाली पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, चष्मा वरच राहिला. ते परत चढून आले. दार अर्धवट उघडं होतं.

आत डॉक्टरबाई खिशातलं अर्धं बिस्किट डब्यात टाकत होत्या.

"शाब्बास रे माझ्या राजा! ताई, पुढचं कोण आहे?"

"गुडघेवाल्या आजी," मदतनीस बाई म्हणाल्या. "पाय उचलायचं नावच घेत नाहीत."

"मग याला झोपू दे. बेडूक काढ."