आतून कडी

“इथे वरपासून खालपर्यंत कपाट हवंय. भिंतच समजा,” नवरा म्हणाला आणि त्याने स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर थाप मारली.

ती ओट्याला पाठ टेकून उभी होती. त्या दारापलीकडे मागचा जिना होता. महिन्यापूर्वी ती छकुलीला कडेवर घेऊन त्याच जिन्याने खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे गेली होती. जेमतेम दहा मिनिटं. ते नवऱ्याला कळलं, आणि पुढचे आठ दिवस तिला उन्हाळ्यातही लांब बाह्या घालाव्या लागल्या. पुढच्या दाराची किल्ली पहिल्यापासून त्याच्याच खिशात असायची. आता मागच्या दारालाही कुलूप होतं, पण तेवढ्याने त्याचं समाधान होईना.

मिस्त्री पन्नाशीचे, मितभाषी. त्यांच्या हाताला तोड नाही असं ऐकूनच नवऱ्याने त्यांना बोलावलं होतं. प्लाय कोणता, रंग कोणता, मुठी कशा, सगळं तोच ठरवत होता.

“एकदा ताईंना विचारा की साहेब. भांडी त्या लावणार, शिव्या मला देणार,” मिस्त्री हसून म्हणाले.

“तिला काय कळतंय त्यातलं?” नवराही हसला, आणि रंगांचे नमुने आणायला बाहेरच्या खोलीत गेला.

तिच्याकडे तेवढाच वेळ होता.

“मिस्त्री, खालच्या कप्प्यात मधली फळी नको,” ती ओठातल्या ओठात म्हणाली. “आणि दाराला आतून कडी करा.”

“आतून?”

“हो. ह्यांना सांगू नका.”

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात घट्ट धरून उभ्या असलेल्या छकुलीकडे पाहिलं. तेवढ्यात नवरा आलाच. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि खाली मान घालून माप लिहून घेतलं.

निघताना मात्र ते दाराशी उभे राहून नवऱ्याशी बराच वेळ बोलले. शब्द ऐकू येत नव्हते. काय करून बसलो आपण! कोण कुठला माणूस, आणि त्याच्यापुढे जीभ सैल सोडली! नवरा परत आत आला, तेव्हा तिने छकुलीला नकळत पाठीमागे ओढलं.

“मिस्त्री काय म्हणत होता, माहितीये?”

तिने मानेनेच नाही म्हटलं.

“दार काढून टाकू आणि चौकटीतच कपाट बसवू म्हणे. म्हणजे पुढे येणार नाही. डोकं आहे माणसाला.”

पुढचे बारा दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. तेराव्या दिवशी तयार कपाट घेऊन मिस्त्री आले. नवऱ्याने रजा टाकली होती. दार निघालं, तसा जिन्यावरचा उजेड थेट ओट्यापर्यंत आला. पण नवरा त्या उजेडातच खुर्ची टाकून बसला. दुपारपर्यंत कपाट चौकटीत बसलं आणि उजेड गेला. नवऱ्याने प्रत्येक दार उघडून मिटून पाहिलं, वरच्या फळीवर बोट फिरवलं. तिने त्याच्या खांद्यावरून खालच्या कप्प्यात डोकावून पाहिलं.

कडी नव्हती.

नवऱ्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत पुढच्या गॅलरीत गेला.

मिस्त्री लगेच कपाटापुढे उकिडवे बसले. “कडी केली नाही, ताई.”

“का?” तिचा आवाज चिरकला.

“आत बसून किती दिवस काढाल?”

त्यांनी कप्प्यात हात घालून मागची फळी बाजूला सरकवली. पलीकडे जिना दिसला. “ही अजून ठोकलेली नाही. खाली टेम्पोत माझी बायको बसलीय. तुम्ही म्हणाल तिथे पोचवेल.”

ती थिजल्यासारखी उभी राहिली. नवऱ्याची तिला सवय तरी झाली होती. त्या उघड्या चौकोनाची मात्र तिला भीती वाटली. माहेर तीन तासांवर. पायात चपला नाहीत. छकुलीचं दूध गॅसवर. गॅलरीतून आवाज आला, “बरं, बरं, ठीक आहे.” फोन ठेवताना तो नेहमी असंच म्हणायचा.

तिने छकुलीच्या डोक्यावर हात ठेवून तिला वाकवलं आणि कप्प्यात ढकललं.

“आणि तुमचं काय?” तिने मिस्त्रींना विचारलं.

“माझं थोडं काम बाकी आहे. तुम्ही निघा.”

ती रांगत पलीकडे गेली. पोरीला उचललं, तिचं तोंड आपल्या मानेत दाबलं आणि अनवाणी पायऱ्या उतरू लागली. एक मजला उतरते न उतरते, तोच वर धाडकन आवाज झाला. तिचे पाय जागच्या जागी खिळले. आला! कपाट फोडून येतोय! पुन्हा आवाज झाला. पुन्हा. कठडा धरून ती ऐकत राहिली. प्रत्येक ठोका सारखाच होता, शांत, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये नवा खिळा धरण्याएवढाच वेळ जात होता.

“अजून काय ठोकताय?” फळीआडून नवऱ्याचा अस्पष्ट आवाज आला.

“मागची फळी, साहेब. आता इथून कोणी यायचं नाही.”

ती पुढची पायरी उतरली. वर वाट बंद होत होती, आणि ती बाहेरच्या बाजूला होती.