डावीकडची चटई

गणपतीला कोकणात उतरायचं म्हणून विश्वंभर खोतांनी सवयीप्रमाणे गाडी पाटणच्या गॅरेजात नेली. "नसीमा, ब्रेक पॅड बदल. पुढे घाट आहे."

नसीमाने चाक उतरवून पाहिलं. "काका, हे नव्यासारखेच आहेत. शिमग्याला मीच घातलेले."

"असं कसं? दर खेपेला झिजून पत्रा होतात."

ती जरा घुटमळली. "तेव्हा काकू बरोबर असायच्या."

खोतांना काही कळेना. गाडी चालकाशिवाय, आपली आपण चालायची. त्यात कुसुमचा काय संबंध? नसीमाने डाव्या सीटपुढची चटई दाखवली. "खाली सेन्सर आहे. शेजारच्या माणसाने घाबरून पाय दाबला, की गाडी वेग कमी करते. काकू वळणावळणाला दाबत असणार."

चटईला एका जागी टाचेचा खळगा पडला होता.

खोत आयुष्यभर तिला हसत आले होते. "अगं, तिथे ब्रेक नाही. गाडी तुझं थोडीच ऐकणार आहे!" आणि गाडी तर फक्त तिचंच ऐकत होती.

"राहू देत पॅड," ते म्हणाले.

कुंभार्लीच्या माथ्यावर त्यांनी गाडी थांबवली, उजवीकडून उतरले आणि डावीकडे जाऊन बसले. खळग्यात टाच ठेवली. पहिलं वळण आलं. भीती अजिबात वाटत नव्हती, तरी त्यांनी पाय दाबला.

गाडी हळू झाली.

दुसऱ्या वळणावर त्यांनी आणखी जोरात दाबला. शिमग्यापर्यंत पॅड झिजायला हवे होते.