डॉक्टरांची तपासणी

"जीभ दाखवा," सरपंच सुंद्राबाईंनी फर्मावलं. डॉक्टर मेस्त्रींनी हसत दाखवली.

गावच्या डॉक्टरांची काळजी गावानेच घ्यावी, अशी जिल्ह्याने योजना काढली होती. सुंद्राबाईंनी ती फारच मनावर घेतली. डॉक्टरांना त्यांच्याच दवाखान्यात पेशंटच्या स्टुलावर बसवलं.

"जेवण वेळेवर?"

"जमेल तसं."

"आणि झोप?"

उत्तर देता देता डॉक्टरांचे डोळे भरून आले. सुंद्राबाई चपापल्या. त्यांनी डॉक्टरांना तपासणीच्या खाटेवर आडवं केलं, अंगावर शाल घातली. पाठ टेकताच डॉक्टर घोरू लागले.

तेवढ्यात योजनेची पाहणी करायला साहेब आले.

"डॉक्टर कुठायत?"

बाहेर खोकत बसलेल्या पेशंटांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," सुंद्राबाई कुजबुजल्या. "डॉक्टर ॲडमिट आहेत. भेटायची वेळ पाचनंतर."