पेल्याची सावली

भूकंपाला पाच वर्षं होत आली, तरी आई रोज खिडकीत तांब्या पालथा घालून त्यावर पितळी पेला उभा करायची. जमीन हलली की पेला आधी पडतो. "पेला वाजला की बाहेर पळायचं, मागं बघायचं न्हाई," हा आमच्या लातूरच्या घरातला कायदा होता.

पोखरणला अणुस्फोट झाले तेव्हा उन्हाळी बॅचला फिजिक्सच्या सरांनी पेढे वाटले. मग अणुबॉम्ब समजावून सांगितला. आधी उजेड येतो, आवाज मागाहून. "अशा वेळी घराबाहेर पडायचं नाही," सर म्हणाले. "लिहून घ्या, परीक्षेला येऊ शकतं."

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "मग आता पळायचं का घरात बसायचं?"

"आधी बारावी तर हो," भाकरी थापत बसलेली आई म्हणाली. आमच्याकडं मरायचं तेही बारावीनंतर.

उतरतं ऊन खिडकीतून समोरच्या भिंतीवर आलं होतं. त्यात तांब्या-पेल्याची सावली होती, आईची होती, माझी होती. मी बघत असतानाच पेल्याची सावली कलली आणि खाली पडली. आवाज झाला नाही. खिडकीत पेला तसाच उभा होता.

"आई, पेला पडला."

तिनं खिडकीकडं पाहिलं. "हाय की जाग्यावर," म्हणाली, आणि पुन्हा भाकरी थापू लागली.

भिंतीवरची तिची सावली मात्र उठली आणि मागं न बघता दाराबाहेर पळाली.

माझी तेवढी उरली, सरांनी सांगितलं होतं तशी, घरातच बसून.