वैशाखाची खूण

बांबू लिफ्टमध्ये बसेना, म्हणून रूपानं तो खांद्यावर घेतला आणि तीन जिने चढली. गंगापूरहून जीपच्या टपावर बांधून आणलेला, होडी रेटायचा, दहा फुटी, तळहातांनी गुळगुळीत झालेला. ती सुनावणीच्या खोलीत शिरली तेव्हा सगळ्यांनी आधी बांबूकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

टेबलावर नकाशा पसरला होता. एका रिसॉर्टला धरणाच्या पाण्यात बोटींसाठी धक्का बांधायचा होता, चोवीस खांबांचा. येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांना त्याचा धोका आहे का, एवढंच आज ठरायचं होतं.

"हरकतदार, कारभारी देवराम," अधिकाऱ्यानं वाचलं.

"माझे वडील. गेल्या महिन्यात वारले."

"मग हरकत निकाली निघाली. हरकतीला वारस नसतो, बाई."

"होडीला असतो, साहेब. महिना झाला, मीच चालवते. शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, कापूस वेचणाऱ्या बाया, सगळं माझ्याच होडीत. माझं नाव लिहा."

रिसॉर्टचा विश्वजीत हसला. "ताई, दोन किलोमीटर रुंद पाणी आहे. आमचा धक्का साठ मीटर. बाकी सगळा समुद्र तुमचाच की! खोलीसुद्धा मोजलीय. कुठंही वीस फुटांच्या खाली नाही."

"कवा मोजली?"

"ऑक्टोबरात."

"पंखा बंद करा," रूपा म्हणाली.

कुणी हललं नाही. शेवटी आवक-जावक बघणाऱ्या सुरेखाबाईंनी उठून बटण दाबलं. पाती थांबल्यावर रूपानं बांबू फरशीवर उभा केला. त्याला विळ्यानं पाडलेल्या दोन खाचा होत्या. एक तिच्या गुडघ्याशी, दुसरी डोक्याच्या वर वीतभर.

"ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं. वैशाखात या." तिनं खालच्या खाचेवर अंगठा ठेवला. "सगळीकडं एवढंच पाणी. भरली होडी गाळात बसती." हात वर गेला. "आन एवढं पाणी फक्त जुन्या नदीच्या पात्रात. चाळीस हात रुंद. पलीकडून यायला तेवढीच वाट. तुमचे खांब बरोबर तिच्यात."

विश्वजीतनं नकाशाकडं पाहिलं. त्यात जुनी नदी नव्हतीच. निळा रंग सगळीकडं सारखा होता.

"बांबू म्हणजे पुरावा का?" त्यानं विचारलं.

"चाळीस वर्षांत सात बांबू बदलले. दर बांबूवर वैशाखात पाणी मोजून खाचा पाडल्या, त्या त्याच जागी हायेत."

अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "बरं, तोंडी नोंद घेतो. हे घेऊन जा आता."

"नाय. इथंच राहील. आवक शिक्का मारून द्या."

"अहो, बांबूला?"

"दादांना, माझ्या वडलांना, तुम्ही तीनदा माघारी धाडलं. पुरावा आणा म्हणून. आणलाय."

तिनं बांबू नकाशाच्या मधोमध आडवा ठेवला. त्याची दोन्ही टोकं टेबलाबाहेर आली. विश्वजीतला खुर्ची मागं घ्यावी लागली.

सुरेखाबाईंनी रजिस्टर उघडलं. साहेबांकडं न बघताच विचारलं, "आणणाऱ्याचं नाव?"

"रूपा कारभारी."

त्यांनी लिहिलं. शिक्का शाईत दाबला. "कुठं मारू?"

रूपानं खालच्या खाचेजवळची जागा ओढणीनं पुसून दिली.

गोल बांबूवर शिक्का अर्धाच उमटला. सुरेखाबाईंनी बांबू जरासा फिरवला आणि उरलेला अर्धा मारला.