रिकाम्या घराला

१९९८ साली आठ वर्षांच्या नातीला, शुभ्राला घेऊन मी आखातातल्या अल मनखूल भागातल्या एका फर्निश्ड फ्लॅटमध्ये आठवडाभर सुट्टीला राहिलो होतो. मालकीणबाईंनी दारामागे पाहुण्यांसाठी मराठीत सूचना चिकटवल्या होत्या. त्यांवरूनच मी शुभ्राला मराठी वाचायला शिकवत असे.

"बाहेर जाताना एसी बंद करावा," ती अडखळत वाचत होती. "कचरा पिशवीत बांधून टाकावा. निघताना रिकाम्या घराला 'येतो' म्हणू नये. व्हाय, आजोबा?"

"कोण जाणे! यल्ला, चल, टॅक्सी थांबलीय."

भर दुपार होती. दार ओढून घेताना सवयीनं माझ्या तोंडून निघालंच, "येतो हं."

"किती वाजता?" आतून कुणीतरी विचारलं.

आवाज बाईचा होता, मायाळू. प्रत्येक खोलीतला दिवा मी स्वतः बंद केला होता. आत कुणीच नव्हतं.

मी शुभ्राचा हात धरून तिला लिफ्टकडे ओढलं. पण मोठ्यांनी विचारलं की पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, हे मीच तिला शिकवलं होतं.

"आम्ही सहा वाजता येऊ," ती मागे वळून स्वच्छ मराठीत म्हणाली.

"शहाणी गं माझी," आवाज आता दाराला अगदी लागून आला. "तू एकटीच ये."